नसबंदीनंतर अंगावर जातंय, पिशवी काढायलाच हवी का?

रामबागची सून: वय 41, इंदूर. धाकट्याच्या वेळी, 2013 मध्ये, दुर्बिणीचं ऑपरेशन करून घेतलं. दोन वर्षं झाली, पाळीत फार अंगावर जातं, आठ-आठ दिवस. गादीवर प्लास्टिक अंथरून झोपते, तरी रात्री दोनदा उठून चादर बदलते. यंदा रंगपंचमीची गेर (मिरवणूक) बघायला राजवाड्यावरही गेले नाही. डॉक्टर म्हणाले, "मुलं झाली, ऑपरेशन झालंय, आता पिशवी ठेवून काय करायचंय?" सासूबाईंची काढली, मोठ्या जाऊबाईंचीही. दोघींची नसबंदी झालेलीच होती. त्यामुळेच होतं का हे?

छावणी: माझ्या ऑपरेशनला पंधरा वर्षं झाली, पाळी आहे तशीच. पण आमच्याकडे म्हणतात, नस बांधली की रक्त साचतं.

निवृत्त नर्स: रक्त साचत नाही हो. नळी बांधतात ती बीज जाण्याची वाट. पाळीचं रक्त पिशवीच्या अस्तरातून येतं, ते तसंच खाली येतं.

पण सूनबाई, तुम्हाला दिसलं ते खोटं नाही. अमेरिकेत नसबंदी झालेल्या बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. 14 वर्षांत 17 टक्के बायकांची पिशवी काढली गेली. पहिल्या पाच वर्षांत बघितलं तर, ज्यांच्या नवऱ्यांनी नसबंदी केली, त्यांच्यापेक्षा चार-पाच पट जास्त. मग 2000 मध्ये त्याच अभ्यासातल्या 9,514 जणींच्या पाळीचा अहवाल आला, तर रक्तस्राव वाढलेला नव्हता, उलट थोडा कमीच. तारखा तेवढ्या मागेपुढे झाल्या. म्हणजे पिशवी बिघडत नाही, ती काढायचा निर्णय सोपा होतो. "आता काय काम?" हे वाक्य मी वॉर्डात इतक्यांदा ऐकलंय, अजून राग येतो. आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणारीची पाळी गोळ्यांनी कमी झालेली असते. नसबंदीनंतर त्या बंद केल्या की मूळची पाळी परत येते, दोष ऑपरेशनला.

हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघितलं का? चाळिशीनंतर अस्तराचा तुकडाही तपासतात. पाळीतल्या गोळ्या आहेत, हार्मोनची तांबी आहे. तिने रक्तस्राव खूप कमी होतो. पिशवी काढल्यावर, अंडाशय ठेवले तरी, रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. मोठ्या गाठी असतील, काही उपाय लागू पडत नसेल, तर काढावी, नाही म्हणत नाही मी.

रामबागची सून: काकू, सोनोग्राफीचा कागद काढून वाचला. गाठ नाहीच. हिमोग्लोबिन 8.1, त्यावर कोणी गोळीसुद्धा दिली नव्हती. शनिवारी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जाते. तांबीचं विचारेन. धाकट्या जाऊबाईंनाही नेते, त्यांनाही तारीख दिलीय.