मदत हवी आहे: स्नोबोर्डवाल्यांना बंदी घालता येते का? (तातडीचं)

तिरपागडा
मंडळी, थोडक्यात लिहितो, वेळ नाही. पुढच्या गुरुवारी आम्ही आठ जण निघतोय. राहण्याचे पैसे भरून झालेत, परत मिळणार नाहीत. काल रात्री सहज स्की रिसॉर्टचे नियम चाळत होतो तर दिसलं की तिथे स्नोबोर्ड (दोन्ही पाय एकाच फळीवर) चालतच नाही, फक्त स्की (प्रत्येक पायाला वेगळी पट्टी)! मी सहा वर्षं बोर्डवर आहे. हा सरळसरळ भेदभाव नाही का? कायद्याने असं करता येतं का? तक्रार कोणाकडे करायची? लवकर सांगा.

चष्मिष्ट
'तिथे' म्हणजे कुठे? देश, राज्य, रिसॉर्टचं नाव? का ओळखायची स्पर्धा आहे?

घसरगुंडी
अमेरिका असेल तर फार ओळखावं लागणार नाही. तीनच उरलीत. युटामधली आल्टा आणि डिअर व्हॅली, आणि व्हरमाँटमधलं मॅड रिव्हर ग्लेन. ॲस्पेन माउंटनने २००१ मध्ये बंदी उठवली, न्यू मेक्सिकोच्या टाओसने २००८ मध्ये. तीनपैकी कुठलं ते सांगा, कारण प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे.

मनगटराव
बंदीचं नंतर बघा. मनगटाचे गार्ड घेतलेत का? स्नोबोर्डवर पडताना माणूस हात टेकतो आणि मनगटच जातं. माझं दोनदा गेलंय. गार्ड हातमोज्याच्या आत बसणारे घ्या, वरून घालायचे नकोत.

तिरपागडा
आल्टा. सांगायचं राहिलं. मनगटराव, धन्यवाद, पण प्रश्न तो नव्हता. कोणी केस केली नाही का आजवर?

वकीलसाहेब_नाही
केली होती. २०१४ च्या जानेवारीत काही स्नोबोर्डवाले आल्टाविरुद्ध आणि वनखात्याविरुद्धही कोर्टात गेले. आल्टाची बहुतेक जमीन सरकारी जंगलाची आहे, रिसॉर्ट परवान्यावर चालतं. त्यामुळे मुद्दा असा मांडला की सरकारी जमिनीवर आमच्याविषयीच्या आकसापोटी आम्हाला अडवता, म्हणजे घटनेच्या १४व्या दुरुस्तीतल्या समान संरक्षणाचा भंग झाला. त्याच वर्षी केस फेटाळली गेली, आणि २०१६ मध्ये अपिलातही तेच. कोर्टाचं म्हणणं असं की बंदी खाजगी कंपनीची आहे. सरकारने जमीन दिली, परवाना दिला, एवढ्याने ती सरकारची कृती होत नाही. तेव्हा तक्रारअर्जात वेळ घालवू नका.

एक मात्र लक्षात घ्या. बंदी योग्य आहे असं अपिलाच्या कोर्टाने कुठेही म्हटलेलं नाही. तो प्रश्न त्यांनी हाताळलाच नाही.

घसरगुंडी
हेच तर खटकतं. डिअर व्हॅली खाजगी जमिनीवर आहे, त्यांनी काय वाटेल ते करावं. पण लोकांच्या जंगलात लिफ्ट उभी करायची आणि मग पायाला काय बांधलंय ते बघून लोक निवडायचे? परवाना देतानाच अट घाला ना.

पांढरीशाल
मी बंदीच्या बाजूने आहे, शिव्या घाला. तीस वर्षं स्की करते. स्नोबोर्डवाला आडवा उभा असतो. डावा पाय पुढे असला की डावीकडची, पाठीमागची बाजू त्याला दिसत नाही, आणि टाचेवरचं वळण नेमकं तिकडेच जातं. चार वर्षांपूर्वी एकजण असाच माझ्या अंगावर आला. 'सॉरी' म्हणाला तेव्हासुद्धा तोंड दुसरीकडेच! माझा पोल (स्की करताना हातात धरायची काठी) मधोमध वाकला. तो अजून गॅरेजमध्ये उभा आहे, नवऱ्याने टोमॅटोच्या वेलाला लावला होता तो मी काढून आणला. शिवाय उंचवटा संपला की बरोबर कडेच्या खाली, वरून येणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी, हे लोक पट्टे बांधायला ओळीने बसतात.

तिरपागडा
पांढरीशाल ताई, 'हे लोक' म्हणजे मीच ना? मी कडेला जाऊन बसतो.

घसरगुंडी
काकू, पुढे असणाऱ्याचा मान पहिला, मागून येणाऱ्याने सांभाळायचं, हा नियम दोघांनाही लागू आहे. तो मागून आला असेल तर चूक त्याची. त्याचा पास काढून घ्या. सगळ्या जमातीला बाहेर काढायचं कारण काय? सरळ खाली सुटणारे स्कीवाले मला दर वर्षी घासून जातात, मी कधी स्कीवर बंदी मागितली नाही.

पांढरीशाल
काकू कोण? ताई ठीक होतं.

उतारवय
जरा जुनं सांगतो. १९८० च्या दशकात बहुतेक ठिकाणी स्नोबोर्डला मज्जाव होता. मग पोरं वाढली, पैसा दिसला आणि दारं उघडली. १९९८ ला नागानोत ऑलिंपिकमध्येही आला. २००७ मध्ये बर्टन कंपनीने तेव्हा उरलेल्या चार रिसॉर्टांत गुपचूप घुसून बोर्ड चालवल्याच्या सगळ्यात चांगल्या व्हिडिओला ५,००० डॉलर जाहीर केले होते! काही महिन्यांत टाओस उघडलं. त्यामुळेच उघडलं असं मी म्हणत नाही, भांडायला येऊ नका.

चष्मिष्ट
बोर्ड विकणारी कंपनी समतेसाठी लढतेय. डोळे पाणावले.

सहकारी_तत्त्व
मॅड रिव्हर ग्लेनचं कोणी बोलतच नाही. ते १९९५ पासून स्कीवाल्यांच्याच सहकारी संस्थेचं आहे. सभासद मालक, सभासद ठरवणार. एका माणसाची खुर्ची असलेली जुनी लिफ्ट त्यांनी पैसे घालून तशीच राखली. अशा लोकांनी 'आम्हाला आमचा डोंगर असाच हवा' म्हटलं तर मला काही चुकीचं वाटत नाही. बंदी कोण घालतंय यावर बरंच अवलंबून आहे.

घसरगुंडी
सभासदांनी बहुमताने केला म्हणून अन्याय गोड होत नाही. सोसायटीच्या मीटिंगला गेला नाहीत का कधी?

सहकारी_तत्त्व
गेलोय. सेक्रेटरी आहे. म्हणूनच म्हणतोय.

मोगलाई
आल्टापुरतं व्यवहाराचं बोलतो, तिथे गेलोय. चांगल्या उतारांवर जायला लांबलचक आडवी वाट धरावी लागते, मध्ये सपाट पट्टे, काही ठिकाणी स्की आडव्या टाकत पायऱ्यांसारखं चढायचं. बोर्डवाला सपाटीवर अडकला की एक पाय सोडून ढकलत बसतो आणि अरुंद वाटेवर मागे रांग लागते. हे कारण मला अर्धं पटतं. पण सुरुवातीच्या सोप्या उतारांना ते लागू नाही, तिथेही बंदी आहेच. म्हणजे खरं कारण 'आमच्या गिऱ्हाइकांना तुम्ही नको' एवढंच. ते तरी उघड बोला.

चष्मिष्ट
धागाकर्त्यांना एक साधा प्रश्न. लिफ्टची तिकिटं काढलीत का? कुठली?

तिरपागडा
तिकिटं नाहीत, सगळ्यांकडे आयकॉन पास आहे, एकाच पासवर बरीच रिसॉर्ट चालतात तो. त्याचा इथे काय संबंध?

चष्मिष्ट
अहो!! एवढ्या प्रतिसादांनंतर हे सांगताय? त्याच पासवर स्नोबर्ड नावाचं रिसॉर्ट चालतं (बोर्ड नाही, बर्ड). आल्टाच्या शेजारी, त्याच दरीत, त्याच रस्त्यावर. तिथे बोर्डला मोकळीक आहे. सकाळी दरीतली बस पकडा, बाकी सात जणांना आल्टात सोडा, संध्याकाळी भेटा.

मोगलाई
+१. फक्त वर दोन्ही रिसॉर्ट जोडणारं फाटक आहे, तिथून मित्रांच्या मागे जाऊ नका, बोर्ड बघून परत पाठवतील. आणि बर्फ भरपूर पडला तर हिमस्खलनाच्या भीतीने रस्ता बंद होतो. आल्टात मुक्काम असेल तर कधीकधी इमारतीच्या बाहेर पडायलाही मनाई होते. तेव्हा स्कीवाले आणि तुम्ही एकाच खोलीत पत्ते खेळाल. समता!

तिरपागडा
हे आधी कोणी का नाही सांगितलं? असो, आभार. स्नोबर्ड नक्की. मोगलाई, मुक्काम आल्टातच आहे. पण बायको म्हणतेय एवढं आल्टात राहतोयस तर एक दिवस भाड्याची स्की घेऊन शिकून बघ. ती स्कीवाली आहे, हे लिहायचं राहिलं.

पांढरीशाल
वहिनींना माझा नमस्कार सांगा.

मनगटराव
स्की करणार असाल तर मनगटाचं सोडा, गुडघे सांभाळा. माझा डावा गेलाय.