ओपाच्या पाण्यात फ्लोराइड घालतात काय? लेकीच्या दाढेवरून घरात महाभारत

फोंड्याची_आई
लेक साडेपाच वर्षांची आहे, खालच्या दोन दाढा किडल्यात. दुधाच्याच आहेत पण एक इतकी पोखरलीय की सकाळी उंडो (पाव) खाताना एकाच बाजूने चावते, मला आधी वाटलं नाटक करतेय. डेंटिस्टकडे नेली, त्यांनी दोन मिनिटांत बघून सांगितलं फ्लोराइडवाली पेस्ट वापरा आणि लगेच पुढचा पेशंट आत. का, किती, कशी, काही विचारायला सवडच नाही.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणतात फ्लोराइड म्हणजे विष, मुलांची बुद्धी मंद होते, त्यांच्या ग्रुपवर आलंय की अमेरिकेत बंदी घातली. दीर कॅनडात कॅलगरीला असतो, त्याला विचारलं तर तो म्हणतो आमच्याकडे नळाच्या पाण्यातच घालतात, २०११ मध्ये बंद केलेलं, मग लोकांनी मतदान करून परत मागितलं आणि २०२५ च्या जूनपासून पुन्हा चालू झालं. आता एका देशात बंद करतायत, शेजारच्यात चालू करतायत, मी कोणाचं ऐकू? आणि आपल्या गोव्यात, फोंड्याला ज्या ओपाच्या प्रकल्पातून नळाचं पाणी येतं, त्या पाण्यात घालतात काय हे? आमच्याकडे नळ आहेच, शिवाय मागे जुनी बांय (विहीर) पण आहे, मे महिन्यात नळाने मान टाकली की तिचंच पाणी पितो.

नळपाणी_रिटायर्ड
ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही घालत. ओपा, साळावली, अस्नोडा, गोव्याच्या कुठल्याच पाणी प्रकल्पात नाही, आणि गोव्याचंच काय घेऊन बसलात, आख्ख्या भारतात नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घालण्याची योजनाच नाही. आपल्याकडे गाळ बसवायला तुरटीसारखं रसायन, मग फिल्टर, मग क्लोरीन. जो वास येतो ना कधीकधी नळाला तो क्लोरीनचा, लोक फोन करून विचारायचे औषध जास्त पडलं काय म्हणून.

आपल्या देशाचा त्रास बरोब्बर उलटा आहे. बाहेर कमी म्हणून घालतात, आपल्याकडे कित्येक जिल्ह्यांत जमिनीतच जास्त म्हणून काढावं लागतं. आपलं पिण्याच्या पाण्याचं मानक एक लिटरला १ मिलिग्राम, दुसरा सोर्सच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. जास्त सापडतं ते मुख्यतः ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकात, खोल बोअरवेलला, जिथे पाणी वर्षानुवर्षं दगडाला लागून बसलेलं असतं. आपली बांय जांभ्यातली, उथळ, एका पावसात काठोकाठ भरते नि उन्हाळ्यात खाली जाते, तिथे ते मुरायला वेळच कुठे मिळतो. तरी तपासून घ्या. जलजीवन मिशनवाल्यांनी (सरकारची घरोघरी नळाची योजना) गावागावात बायकांना टेस्टिंग किट शिकवलंय, पंचायतीत विचारा, नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे आणि रंग पट्टीशी जुळवायचा, पाच मिनिटांचं काम. पण खरं सांगू, बांयच्या पाण्यात मला फ्लोराइडपेक्षा शेजारच्या सोकपिटाची (संडासाच्या शोषखड्ड्याची) जास्त भीती.

यवतमाळकर_मडगावात
काका म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आमच्या शाळेत अर्ध्या वर्गाच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, आम्हाला वाटायचं असेच असतात दात. मी बारावीनंतर बाहेर पडलो तेव्हा होस्टेलवर पोरं म्हणायला लागली तंबाखू खातो का बे तू, तेव्हा कळलं. दात म्हणजे तर काहीच नाही, माझ्या मोठ्या आईचे पाय गुडघ्यातून वाकले, मान वळत नव्हती, मागून हाक मारली की आख्खी फिरून बघायची. ज्या हापशीवर आम्ही पोरं लोंबकळत पाणी प्यायलो तिला नंतर येऊन, हे पाणी पिऊ नका म्हणून, लाल रंग मारून गेले, पण लाल रंग मारल्यावर दुसरी जवळ नव्हतीच, मग लोक तीच हापसत राहिले. नागपूरच्या नीरी ह्या सरकारी संशोधन संस्थेने फ्लोराइड काढायला शोधलेली पद्धत पण आमच्याकडे दाखवून गेले होते, नलगोंडा टेक्निक म्हणतात, बादलीत चुना नि तुरटी घालून ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी प्यायचं. चार दिवस केलं सगळ्यांनी. रोज कोण करतं हो ते.

म्हणून कोणी पाण्यात फ्लोराइड *घालतात* म्हटलं की मला आधी हसूच येतं.

दातवाली
मी डेंटिस्ट आहे (तुमची नाही 😄). दोन मिनिटांत पेशंट बाहेर काढणं चुकीचंच, पण सल्ला बरोबर होता.

किडीचं गणित असं, गोड खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल करतात, दाताचं वरचं कवच त्यात विरघळायला लागतं, मग लाळ ते हळूहळू भरून काढते. फ्लोराइड ह्या भरण्याला मदत करतं आणि नवीन बसलेला थर आम्लाला जास्त टिकतो. म्हणजे मुख्य काम दाताच्या बाहेरून, पोटात जाऊन नाही. १९४५ मध्ये अमेरिकेत ग्रँड रॅपिड्सला पहिल्यांदा पाण्यात घातलं तेव्हा फ्लोराइडच्या पेस्टच नव्हत्या, मुलांची कीड खूप कमी झाली. आता पेस्ट घरोघरी आहे तर पाण्याचा जादा फायदा उरलाय थोडा. २०२४ च्या कॉक्रेन रिव्ह्यूत (जगभरचे अभ्यास एकत्र तपासून काढलेला आढावा) १९७५ नंतरचे अभ्यास बघितले तर मुलामागे साधारण पाव दात वाचतो असं निघालं. पाव म्हणजे पाऊण-पाव मधला, पोदेराचा (पाववाल्याचा) नव्हे.

बुद्धीचं म्हणाल तर २०२४ मध्येच अमेरिकन सरकारी संस्थेचा अहवाल आला, त्यात लिटरला १.५ मिलिग्रामच्या *वर* पाणी असेल तिथे मुलांच्या कमी आयक्यूशी संबंध दिसतो असं मध्यम खात्रीने म्हटलंय. तिथे नळात घालतात ०.७, आणि तेवढ्याने काय होतं हे सांगायला पुरेसा डेटा नाही असं त्याच अहवालात आहे. फॉरवर्ड करताना हे दुसरं वाक्य कसं काय गळतं कोण जाणे.

अर्धा_कप
डॉक्टर, सगळं मान्य, पण सासूबाईंना इतकं वेड्यात काढू नका. २०२५ मध्ये युटा आणि मग फ्लोरिडाने खरंच बंदी घातली, म्हणजे बातमी खोटी नाही. (फक्त 'अमेरिकेत बंदी' नाही, दोन राज्यांत, बाकी बहुतेक ठिकाणी ज्या त्या गावाने ठरवायचं.) स्वित्झर्लंडच्या बाझलने चाळीसेक वर्षं घातलं आणि २००३ मध्ये बंद केलं, तिथे मिठातून देतात, ज्याला हवं त्याने ते मीठ घ्यावं.

माझा आक्षेप विष-बिष नाही. औषध म्हटलं की डोस आला, आणि पाण्याचा डोस कोण मोजणार? मे महिन्यात साइटवर उन्हात राबणारा माणूस दिवसाला पाच लिटर पितो आणि एसीत बसलेला दीड. बाळाला पावडरचं दूध त्याच पाण्यात. शिवाय नको असेल तर नळ बंद करून जाणार कुठे माणूस?

दातवाली
डोसचं बरोबर आहे, मीही आपल्याकडे पाण्यात घाला असं कधी म्हणणार नाही, इथे एका जिल्ह्यात जास्त, दुसऱ्यात कमी, शिवाय आपण चहाबाज, चहाच्या पानात फ्लोराइड साठतं आणि कडक काळ्या चहाच्या लिटरमध्ये मिलिग्रामभर सहज उतरतं. पण गरिबाच्या बाजूने पण बघा. ज्याच्या घरी ब्रश एकच आणि डेंटिस्ट कधीच नाही, त्याच्या पोराला पाण्यातून काहीतरी मिळतं, न मागता. तुमच्या त्या ऐच्छिक मिठाचं तेच होतं, ज्याला कळतं तोच घेतो.

फोंड्याच्या ताई, तुमच्यासाठी: ट्यूबच्या मागे बघा, १००० पीपीएमच्या आसपास लिहिलेलं हवं. मुलांच्या चित्रवाल्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. वाटाण्याएवढी घ्या, तिला लावायला देऊ नका, तुम्ही लावा. थुंकायला लावा पण नंतर खळखळून चूळ नको, नाहीतर सगळं वाहून जातं. गिळायची सवय असेल तर लक्ष ठेवा, कारण आत्ता तिचे पक्के दात आत तयार होतायत, ह्या वयात रोज जास्त पोटात गेलं तर त्यांच्यावर पांढरे ठिपके येऊ शकतात. आणि ती दाढ भरून घ्या, दुधाची म्हणून सोडू नका, ती पडायला अजून चार-पाच वर्षं आहेत.

फोंड्याची_आई
ट्यूब बघितली. स्ट्रॉबेरीवाली, मागे फ्लोराइडचं नावच नाही, दोन वर्षं तीच वापरतोय. सासूबाईंना यवतमाळच्या दादांचं वाचून दाखवलं, त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, बघ, मी सांगत होते ना विष आहे. मग दातवालींचं वाचलं. आता ठरलंय की पेस्ट आणायची पण ती त्या स्वतः लावणार, वाटाणा मोजून.

पण ह्या सगळ्यात दुसरंच बाहेर आलं. रात्री मी ब्रश करून झोपवते आणि त्यानंतर आजी तिला देवाच्या खोलीत नेऊन चहात बुडवून बिस्कीट देते, रोज, गेलं वर्षभर. लेकीनेच सांगितलं, 'आई, ते आजीचं आणि माझं सिक्रेट आहे.'

नळपाणी_रिटायर्ड
बांयचं पाणी तेवढं तपासून घ्या पावसाआधी. बिस्किटांची टेस्ट आमच्या किटमध्ये नाही.