न दाखवलेल्या मालिकेचा पायलट (नमुना भाग) यू-मॅटिकवर (जुन्या प्रकारची व्हिडिओ कॅसेट), डीव्हीडी कशी काढावी?

प्रश्न: नाशिकमध्ये चित्रित झालेल्या, कधीच प्रसारित न झालेल्या मराठी मालिकेचा पायलट आहे. टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसते. थेट लावून पाहावी का?

उत्तर १: अजिबात नको! बुरशी प्लेअरच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. आधी बंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा, सुकली की साफ करता येते. आणि गंगेकाठच्या (म्हणजे गोदावरीकाठच्या) ओलसर खोलीत तर ठेवूच नका.

उत्तर २: साफ झाल्यावर प्लेअर आणि संगणकाच्या मध्ये टाइम बेस करेक्टर (सिग्नलची वेळ नीट करणारे यंत्र) हवाच, नाहीतर चित्राचा वरचा भाग वाकतो. फाइल ७२०×५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्डच (प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांत, म्हणजे फील्डमध्ये) घ्या. फील्डचा क्रम उलटला तर हलणारा हात थरथरतो. मूळ फाइल अनकॉम्प्रेस्ड (आकार न दाबता) जपा, तासाला साधारण ७५ जीबी.

उत्तर ३: विकणार असाल तर निर्मात्याची लेखी परवानगी घ्या. शीर्षकगीताचे हक्क वेगळे तपासा.