9.6 चा हल्क की 1.0 चा स्पायडर-मॅन? ‘5.0 च्या खालचं सगळं रद्दी’ म्हणणाऱ्यांना उत्तर

पिवळंपान:

परवा एका नव्या संग्राहकाने सरळ प्रश्न विचारला. साठवलेले सगळे पैसे जुन्या कॉमिकच्या एकाच अंकात घालायचे आहेत. ‘अमेझिंग फँटसी 15’ (स्पायडर-मॅनचा पहिला अंक) ची 1.0 ग्रेडची, म्हणजे अवस्थेला 10 पैकी 1 गुण मिळालेली, प्रत समोर आहे आणि साधारण तेवढ्याच पैशात ‘इन्क्रेडिबल हल्क 181’ ची 9.6. दोन्ही स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेड देणाऱ्या कंपनीने सीलबंद केलेल्या प्लास्टिकच्या डब्यात, आणि दोन्ही निळ्या लेबलच्या, म्हणजे दुरुस्ती न केलेल्या. कुठली घेऊ? ‘निळंलेबल’ यांनी उत्तर दिलं, “5.0 च्या खालचं सगळं रद्दी. ग्रेड विकत घ्यायची असते, अंक नव्हे.” आणि त्यावर लोकांनी पटापट माना डोलावल्या. मला ते वाचून इतका राग आला की दोन ओळींत लिहिणं जमेना, म्हणून हा वेगळा धागा.

खरी रद्दी कशाची झाली ते आधी बघा. जून 1938 च्या ‘ॲक्शन कॉमिक्स 1’ च्या, म्हणजे सुपरमॅनच्या पहिल्या अंकाच्या, सुमारे दोन लाख प्रती छापल्या होत्या आणि आज माहीत असलेल्या आहेत शंभराच्या आसपास. बाकीच्या युद्धकाळात कागद गोळा करण्याच्या मोहिमांमध्ये गेल्या, नाहीतर घराघरांतल्या साफसफाईत. ज्या वाचल्या त्यातल्याही बऱ्याचशा फाटक्या, ठिगळं लावलेल्या. त्यांना रद्दी म्हणणारा माणूस या छंदाचा इतिहासच कचऱ्यात टाकतोय.

आता ‘फँटसी 15’. ऑगस्ट 1962, किंमत 12 सेंट, बंद पडणाऱ्या मासिकाचा शेवटचा अंक. मुखपृष्ठ चित्रकार जॅक कर्बीचं, त्यावर शाई दुसरा चित्रकार स्टीव्ह डिटकोची, आतली स्पायडर-मॅनची गोष्ट डिटकोची, अवघी 11 पानांची. हा अंक जपून ठेवावा असं तेव्हा कुणाला वाटणार होतं? पोरांनी तो वाचला, दुमडला, एकमेकांना दिला. त्यात त्या वर्षांतल्या मार्व्हलच्या अंकांची कटाईच खराब. बोथट पात्यामुळे मुखपृष्ठाच्या उजव्या कडेचे कपचे उडालेले असतात. म्हणजे स्टँडवरून उचलतानाच पुष्कळ प्रती सदोष होत्या.

हल्क 181 आला 1974 च्या नोव्हेंबरचा म्हणून. तोवर ओव्हरस्ट्रीटची किंमत-पुस्तिका निघून चार वर्षं झाली होती, संमेलनं भरत होती, नवा अंक घेऊन तसाच बाजूला ठेवणारे लोक तयार झाले होते. म्हणून 181 च्या उत्तम प्रती भरपूर आहेत. त्यात 9.4 आणि 9.6 मधला फरक कण्यावरच्या एखाद-दुसऱ्या बारीक टिकेचा, म्हणजे मोडीच्या खुणेचा. तीच प्रत स्लॅब फोडून परत पाठवली तर आकडा बदलू शकतो, आणि म्हणूनच लोक परत परत पाठवतात. त्या एका टिकेसाठी नव्या माणसाची सगळी पुंजी लावायची?

माझा क्रम असा: आधी अंक कोणता, मग तो पूर्ण आहे का, मग पानांचा रंग, मग कुणी काही ‘सुधारणा’ केल्यात का. आकडा सगळ्यात शेवटी.

निळंलेबल:

माझं नाव घेऊन धागा काढलात तर उत्तरही ऐका. तुम्ही ॲक्शन 1 चा दाखला देऊन फँटसी 15 विकताय. ही चलाखी आहे. ॲक्शन 1 दुर्मिळ आहे, फँटसी 15 नाही. ग्रेड झालेल्या तिच्या प्रती हजारोंनी मोजल्या जातात आणि मोठा लिलाव असला की त्यात ती असतेच. सप्टेंबर 2021 मध्ये 9.6 ची प्रत 36 लाख डॉलरला गेली, ती बातमी वाचून माणूस 1.0 घ्यायला धावतो आणि हातात काय येतं? एका पिनेवर लटकलेलं मुखपृष्ठ, अर्ध्यापर्यंत फाटलेला कणा, गंजाचे डाग, कुणीतरी पेनने लिहिलेलं नाव.

मी बरीच वर्षं विकतोय आणि घेतोय. अडचणीत विकायची वेळ येते तेव्हा चांगल्या ग्रेडचा अंक आठवड्यात जातो. फाटक्यावर प्रत्येक जण घासाघीस करतो, कारण प्रत्येक 1.0 वेगळी फाटलेली असते. 9.6 म्हणजे 9.6, फोटोसुद्धा न मागता लोक बोली लावतात.

भिंगवाला:

“फोटोसुद्धा न मागता” या तीन शब्दांत सगळा रोग आला.

निळंलेबल, आज 9.6 असलेल्या किती प्रती दहा वर्षांपूर्वी 9.0 होत्या, सांगाल? कागदाला वाफ द्यायची, सिलिकॉनच्या कागदात धरून गरम प्रेसखाली दाबायचं, रंग न उडालेल्या घड्या सपाट होतात आणि आकडा वर जातो. याला रिस्टोरेशन, म्हणजे दुरुस्ती, म्हणायचं नाही, असं ग्रेड देणाऱ्यांनी ठरवलंय. आणि प्रेस करून देणारी सेवा सीजीसी या ग्रेड देणाऱ्या कंपनीच्याच समूहात आहे! मी भिंग घेऊन बसणारा माणूस आहे. जास्त दाबलेल्या प्रती मला कळतात: पिनेचा ठसा पुढच्या पानांवर उमटलेला असतो, कणा नको तितका चपटा झालेला असतो. त्या प्रती ऐटीत निळ्या लेबलमध्ये बसल्यात.

निळंलेबल:

प्रेसिंगने कागदात काही भर पडत नाही आणि काही काढलंही जात नाही. इस्त्री केलेला शर्ट रफू केलेला होत नाही. रंग तुटलेली घडी कितीही दाबा, पांढरी रेघ तशीच दिसते. सगळं जग हे मान्य करून पुढे गेलंय, तुम्हीच मागे राहिलात.

मुक्ता_र:

मग एका शाईच्या ठिपक्याने काय पाप केलंय?

माझ्याकडे 1963 चा ‘एक्स-मेन 1’ आहे. ग्रेडिंग कंपन्या नव्हत्या तेव्हा घेतलेला. विकणाऱ्याने तेव्हा अभिमानाने सांगितलं होतं, कण्यावरची पांढरी रेघ व्यवस्थित रंगवून घेतलीय, आता किती छान दिसतोय बघा. तेव्हा ही चांगली गोष्ट मानली जायची. जाणकार संग्राहक स्वतःहून आपले अंक दुरुस्तीला पाठवायचे. 2000 मध्ये सीजीसी आली, दुरुस्त केलेल्या अंकांसाठी जांभळं लेबल आलं आणि एका रात्रीत आमचे अंक वाळीत पडले. माझा स्लॅब होऊन आला: दिसायला सुरेख, आकडाही बरा, पण लेबल जांभळं. नखाच्या टोकाएवढ्या काळ्या रंगासाठी! तोच आकडा निळ्या लेबलवर असता तर कितीतरी पट किंमत आली असती.

ज्याने सबंध अंकाला वाफ देऊन दाबला तो ‘अस्पर्श’, आणि माझा डागाळलेला. हा न्याय कुठला?

भिंगवाला:

मुक्ताताई, अगदी हेच. नियम कागदाच्या हिताचा असता तर उष्णता आणि ओलावा दिलेला अंक आधी नोंदवला असता. नोंद नाही, कारण बऱ्याचदा पकडता येत नाही. पकडता येत नाही म्हणून गुन्हा नाही.

निळंलेबल:

ताई, तुमच्याबद्दल वाईट वाटतं, पण रंग लावणं म्हणजे नसलेली गोष्ट घालणं. उद्या अर्धं मुखपृष्ठ रंगवून कुणी “फक्त ठिपका” म्हणेल. रेघ कुठेतरी आखावीच लागते. आणि भिंगवाला, तुमच्या भिंगाचं कौतुक पुरे. तुम्ही आजवर एक तरी मोठी ‘की’ (महत्त्वाचा अंक) विकत घेतलीय का?

भिंगवाला:

घेतलीय. दाखवायला आणत नाही, कारण मी वाचायला घेतो. तुम्ही प्लास्टिकचे डबे गोळा करता, त्यात कॉमिक आहे हा योगायोग.

रेषाप्रेमी:

दोघंही जरा थांबा. मला दोन्ही बाजूंचं नवल वाटतं. 11 पानांची ती गोष्ट ज्या कागदावर डिटकोने काढली, ती मूळ पानं 2008 मध्ये कुणीतरी नाव न सांगता लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. ज्याच्याकडे ती होती त्याने त्यांचं काय केलं बघा, आणि आपण इथे छापील प्रतीच्या डब्यावरच्या आकड्यावरून एकमेकांची लाज काढतोय.

मी माझा एक स्लॅब फोडला. घरचे ओरडले, मित्र ओरडले. पण साठीच्या दशकातला तो कागद बोटांना लागला, मागच्या पानावरचं चित्र पुढच्या पानावर पुसट दिसत होतं, ठिपक्या-ठिपक्यांचा रंग रेषेबाहेर घसरलेला. हे डब्याबाहेरून कधी कळलं नसतं.

नव्वदीचा_जखमी:

ग्रेडच्या नादाचं काय होतं ते आमच्या पिढीला विचारा. 1991 चा ‘एक्स-मेन 1’, पाच वेगवेगळी मुखपृष्ठं, 80 लाखांच्या वर प्रती. सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक 75, काळ्या पिशवीत बंद. पिशवी फोडायची नाही म्हणून आम्ही तो वाचलाच नाही! चार-चार प्रती घेतल्या, पोराच्या शिक्षणाला होतील म्हणून. 1996 च्या डिसेंबरमध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि आमचे खोके आजही पलंगाखाली आहेत, सगळे अंक एकदम कोरे, एकदम उत्तम ग्रेडचे. कोण घेतंय?

निळंलेबल:

80 लाख छापलेल्या अंकाची तुलना 1974 च्या कीशी करू नका. हल्क 181 मध्ये वुल्व्हरिन पहिल्यांदा येतो.

नव्वदीचा_जखमी:

पहिल्यांदा 180 च्या शेवटच्या पानावर येतो.

निळंलेबल:

शेवटच्या चौकटीत. सगळं जग 181 लाच पहिलं पूर्ण दर्शन मानतं. हा वाद इथे नको.

पिवळंपान:

खरंच नको, कारण मूळ प्रश्न विचारणारा बिचारा वाट बघतोय.

निळंलेबल, फँटसी 15 दुर्मिळ आहे असं मी कुठे लिहिलं? ती हजारोंनी आहे, कबूल. पण मागणीही तशीच आहे, आणि नवीन मागणी येते ती खालच्या ग्रेडमध्येच, कारण तिथेच सामान्य माणसाचा हात पोहोचतो. 2021 च्या तेजीत चढ्या भावाने उच्च ग्रेड घेणाऱ्यांचे हात नंतर कसे पोळले, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय.

आणि हल्क 181 बद्दल एक गोष्ट इथे कुणीच बोललं नाही: वाचकांच्या पत्रांच्या पानावरचं मार्व्हल व्हॅल्यू स्टॅम्प, कापून जमवायचं छापील चित्र. पोरांनी ते कात्रीने कापून वहीत चिकटवलं. बाहेरून अंक लखलखीत, आत पान कापलेलं, म्हणजे प्रत अपुरी. स्लॅबमध्ये असला की तुम्हाला आत बघता येत नाही, लेबलवर विश्वास ठेवावा लागतो. 2023 च्या अखेरीस स्लॅब उघडून आतला अंक बदलण्याचे प्रकार बाहेर आले, तेव्हापासून “फोटोसुद्धा न मागता” घेणं मला तरी धाडसाचं वाटतं. डब्याच्या कडा, आतल्या थैलीचा जोड, प्रमाणपत्राच्या क्रमांकावर कंपनीने ठेवलेला फोटो असेल तर तो आणि समोरची प्रत, हे सगळं ताडून बघा. मुखपृष्ठाच्या छपाईत एखादा ठिपका, कटाईचा तिरकेपणा प्रत्येक प्रतीत वेगळा असतो, तो जुळतो का पाहा.

निळंलेबल:

डबा तपासायलाच हवा, त्याला माझा विरोध नाही. आणि “5.0 च्या खालचं सगळं रद्दी” हे 1950 च्या आधीच्या अंकांना लागू नाही, एवढं मागे घेतो. सुवर्णकाळातली पूर्ण प्रत कुठल्याही अवस्थेत मिळाली तर घ्यावी. पण 1.0 बद्दल माझी खरी भीती कुणी ऐकूनच घेतली नाही. कागद. स्वस्त लगद्याच्या कागदात आम्ल असतं, तो पिवळा पडतो, मग तपकिरी, मग ठिसूळ. ठिसूळ झालेलं पान परत लवचीक होत नाही. माझ्या हातात एक अशी प्रत आली होती की स्लॅबमध्ये खाली भुगा जमला होता. ते मला आजही विसरता येत नाही. आकडा 1.0 असो, पण लेबलवर ‘ब्रिटल’ (ठिसूळ) लिहिलेलं असेल तर फुकट मिळाली तरी विचार करा.

भिंगवाला:

हे मात्र त्यांनी बरोबर सांगितलं. प्रेसिंगबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

मुक्ता_र:

आणि जांभळ्या लेबलवाल्यांचं काय? ज्याला विकायचं नाही, जन्मभर ठेवायचं आहे, त्याने जांभळी प्रत का घेऊ नये? कमी पैशात चांगला दिसणारा फँटसी 15 मिळेल. इथे कुणी हा तिसरा पर्याय काढलाच नाही.

निळंलेबल:

जन्मभर ठेवायचं असेल तर घ्या. ‘जन्मभर’ म्हणणारे पाच वर्षांत विकायला येतात, हा माझा अनुभव. पण दुरुस्ती कुठली आहे ते वाचून घ्या. फाट चिकटवलेली चालेल, कडा छाटलेली नको. छाटलेला कागद परत येत नाही.

नवा_संग्राहक:

मूळ प्रश्न माझा. 1.0 च्या लेबलवर पानं ‘क्रीम टू ऑफ-व्हाइट’ आहेत, ठिसूळ नाहीत. शेऱ्यात लिहिलंय: कणा फाटलेला, मुखपृष्ठ वरच्या पिनेपासून सुटलेलं, पानं सगळी आहेत. प्रमाणपत्राचा क्रमांक टाकून बघितला, तिथला फोटो आणि विक्रेत्याचा फोटो जुळतात. वरच्या डाव्या कोपऱ्यातला तुकडा दोन्हीकडे सारखाच उडालाय. हल्कच्या विक्रेत्याकडे डब्याच्या कडांचे फोटो मागितले, चार दिवस झाले, उत्तर नाही.

निळंलेबल:

मग हल्क सोडा. दुसरा मिळेल, 9.6 ला तोटा नाही.

पिवळंपान:

हेच तर मी पहिल्या परिच्छेदापासून सांगतोय.

निळंलेबल:

तुम्ही वेगळं सांगत होतात. आणि नवा_संग्राहक, 1.0 घेतलीत तर डबा उभा ठेवा, उन्हापासून लांब, आणि वरची पिन सुटलेली आहे म्हणून हलवाहलवी कमीत कमी करा.