छोटी एसएसडी कॅश म्हणून लावायची तर राइट-थ्रूच
वर विचारलंय की १ टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कला ३२ जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क) कॅश म्हणून, म्हणजे नेहमी लागणाऱ्या फायलींची प्रत ठेवायला, जोडून फायदा होतो का. होतो, पण रोज लागणाऱ्या फायलींपुरता. ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या) डिस्कवर नुसती तबकडी फिरून हवी ती जागा डेटा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद जातात, हेड सरकण्याचा वेळ वेगळाच. कॅशमधल्या फायलींसाठी तो सगळा वेळ वाचतो, म्हणून विंडोज आणि ब्राउझर झटकन उघडतात. सिनेमे कॉपी करताना मात्र काडीचा फरक पडत नाही.

कळकळीने सांगतो, राइट-बॅक मोड नको. त्यात डेटा आधी फक्त एसएसडीवर लिहिला जातो आणि डिस्कवर नंतर; राइट-थ्रूमध्ये तो दोन्हीकडे लगेच लिहिला जातो. एसएसडी अचानक गेली तर डिस्कपर्यंत न पोचलेला डेटाही गेलाच. आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाणारच असाल, तर सरळ २४० जीबीची घेऊन विंडोजच तिच्यावर टाका.