मदत हवी आहे: दूध डेअरीच्या ॲपमध्ये मराठी मजकूर कसा बसवावा?

नमस्कार मंडळी. गावच्या दूध डेअरीसाठी ॲप करतोय. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर आणि जमा रक्कम, एवढंच शेतकऱ्याला एका नजरेत दिसायला हवं. वापरणारे बहुतेक पन्नाशीपुढचे, आणि फोन बघणार ते गोठ्याबाहेर, उन्हात.

रंगांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांतला उजेडाचा फरक, किमान ४.५:१ ठेवलाय, बटणं ४८ डीपीची (डीपी हे स्क्रीनवरचं माप) आहेत. अडलंय ते देवनागरीपाशी. इंग्रजीच्या मापानं आखलेल्या बटणात 'पूर्वीची बिलं' लिहिलं की वरचा रफार आणि खालचा उकार दोन्ही कापले जातात. ओळीची उंची वाढवली की रक्कम स्क्रीनच्या खाली ढकलली जाते, आणि माणूस ॲप उघडतो ते तीच बघायला! अक्षर बारीक करणं मला अजिबात पटत नाही. चष्मा शोधायला लावणारं ॲप कोण वापरेल?

फोनमध्येच फॉन्ट मोठा करून ठेवलेला असेल तर मांडणी कशी सांभाळता? आकडे देवनागरी ठेवावेत, की काट्यावर दिसतात तसे इंग्रजी? नोंद चुकीची वाटली तर तक्रारीचं बटण त्याच नोंदीशेजारी द्यावं का? खेड्यातल्या वापरकर्त्यांसोबत कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.