मदत हवी आहे: मंद प्रकाशात ८५० नॅनोमीटरचे शोषण-शिखर ८२०कडे का सरकते?

नमस्कार.

जांभळ्या प्रकाशसंश्लेषी जिवाणूंच्या प्रकाशग्राही संकुलांविषयी वाचताना एका मुद्द्यावर गाडी अडली आहे. जैवभौतिकीच्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

या जिवाणूंच्या पटलात अभिक्रिया केंद्राभोवती (जिथे प्रकाशऊर्जा रासायनिक कामी लागते) एलएच१ हे प्रकाशग्राही संकुल असते आणि त्याच्या आसपास एलएच२ या दुसऱ्या संकुलाची कडी पसरलेली असतात. एलएच२ने शोषलेली ऊर्जा एलएच१कडे आणि तिथून केंद्राकडे जाते. ऱ्होडोस्यूडोमोनस ॲसिडोफिला या जिवाणूच्या एलएच२ची रचना १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. नऊ घटकांच्या या कड्यात २७ बॅक्टेरिओक्लोरोफिल रेणू असतात. त्यांपैकी ९ रेणू ८०० नॅनोमीटरच्या आणि १८ रेणू ८५० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात. प्रकाश कमी झाला की कड्यांची संख्या वाढते, हे सहज पटते. मात्र याच जिवाणूचा ७०५० हा वाण अशा वेळी एलएच२ऐवजी एलएच३ हे त्याचेच बदललेले रूप बनवू लागतो आणि शोषणाचे शिखर ८५०वरून ८२०ला येते. त्यासाठी प्रथिनात होणारा बदल अगदी किरकोळ आहे: अल्फा साखळीत ४४व्या आणि ४५व्या जागी असलेली टायरोसिन व ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले रंगद्रव्याच्या ॲसिटाइल गटांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात, एलएच३मध्ये त्यांच्या जागी दुसरी येतात, ते बंध नाहीसे होतात आणि ॲसिटाइल गटांची दिशा बदलते.

माझी अडचण अशी की, एलएच१ ८७५च्या आसपास शोषण करते. मग प्रकाशाची चणचण असताना शिखर त्याच्यापासून दूर नेण्यात जिवाणूचा फायदा काय? दोघांच्या वर्णपटांची जुळणी त्यामुळे उलट कमीच होणार.

म्हणून कागदावर थोडे गणित केले. ८५० आणि ८७५ यांतील ऊर्जेचा फरक सुमारे ३३६ प्रति सेंटीमीटर (वर्णपटशास्त्रातले ऊर्जेचे एकक) भरतो, तर खोलीच्या तापमानाची औष्णिक ऊर्जा सुमारे २०८. एका एलएच१मागे १० एलएच२ आणि एलएच१मध्ये ३२ रंगद्रव्ये धरली, तर समतोलात जवळजवळ निम्मी उत्तेजन ऊर्जा एलएच२मध्येच रेंगाळते. एलएच२कडून एलएच१कडे जाणारा ऊर्जेचा उतार कड्यांची गर्दी जवळपास सपाट करून टाकते. ८२० धरल्यास हाच फरक सुमारे ७६७ होतो आणि मागे उरणारा वाटा आठव्या हिश्शावर येतो. एलएच२मधील उत्तेजित अवस्था साधारण एक नॅनोसेकंदच टिकते, त्यामुळे असे रेंगाळणे म्हणजे थेट नुकसान, आणि मंद प्रकाशात ते मुळीच परवडणारे नाही. भरपूर प्रकाशात अभिक्रिया केंद्रेच व्यग्र असल्याने या गळतीचे फारसे काही बिघडत नसावे.

हा युक्तिवाद मला आकर्षक वाटतो, तरी दोन शंका उरतात. पहिली, कड्यातील उत्तेजन अनेक रेणूंवर मिळून पसरलेले असताना १८ रेणू म्हणजे १८ समान अवस्था असे मोजणे ग्राह्य आहे का, की सर्वांत खालच्या मोजक्याच अवस्था धराव्यात? उत्तर नेमके याच आकड्यावर अवलंबून आहे. दुसरी, वरच्या थरातील जिवाणूंनी ८५०चा प्रकाश आधीच शोषला असेल, तर खालच्यांनी ८२०कडे वळावे, असे साधे पर्यावरणीय स्पष्टीकरणही शक्य दिसते. सर्व तरंगलांबींचा प्रकाश सारख्याच प्रमाणात कमी करून वाढवलेल्या संवर्धनातही एलएच३ बनत असेल, तर ते मागे पडेल का?

कोणी स्वतः असे संवर्धन वाढवून वर्णपट घेतले असतील, तर प्रकाशाची तीव्रता कशी कमी केली होती आणि दिवा कोणता होता, हे आवर्जून सांगावे.